बांधावरचा कचरा

"रामजीचा भिकाजी, भिकाजीचा दौलती, दौलतीचा बाबू," एवढे म्हणून हेळव्याने हातातली घंटा एकदा हलवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

सुगी संपली की हा हेळवी आमच्या वस्तीवर येत असे. घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायच्या आणि पायली-दोन पायली ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जायचे, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा धंदा. त्याचा बैल चिंचेखाली कडबा खात होता. माझे वडील हात जोडून समोर बसले होते. आज्जी ओसरीवर विड्याची पाने निवडत होती. मान वर न करता तिने नवऱ्याचे नाव घेऊन विचारले, "बाबूच्या पुढं कोण?"

"बाबूचा शंकर. शंकरचं दोन ल्योक."

"बाबू तर माळावर कुदळ मारायच्या आधीच गेला. मग हा मळा कुणी केला?"

हेळवी ओशाळून हसला. बायकांची नावे त्यांच्यात म्हणत नाहीत, असे त्याने नम्रपणे सांगितले.

"मग मी म्हणते, तू ऐक. तुळसाची लेक गिरजा, गिरजाची लेक सोना, सोनाची लेक आवडा. ती मी."

वडिलांना ते पटले. ज्वारी दुप्पट देतो, पण यंदापासून बाबूच्या मागे आवडाबाईचे नाव घ्यायचे, असे त्यांनी हेळव्याला सांगितले. हेळवी कबूल झाला. त्याने घंटा उचललीसुद्धा. तेवढ्यात आज्जीने हात वर केला.

"आता नको. माझ्या डोक्यावर एकीचं उसनं हाय. ते फिटू दे, मग घे."

आम्ही सारे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेजारणीकडून आणलेले वाटीभर मीठ दिवस मावळायच्या आत परत करणारी ही बाई. हिच्या डोक्यावर कुणाचे उसने असणार? वडिलांनी विचारले, आईने विचारले. तिने पाने निवडून संपवली, पदर झटकला आणि ती मळ्याकडे निघून गेली.

माझी आज्जी ब्याण्णव वर्षे जगली. हेळवी आला तेव्हा तिचे जे वय होते, त्याच्याही पुढे आज मी आले आहे आणि माझ्या सुना माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. पण आज्जीचा धाक निराळा होता. तिला आवाज चढवावा लागत नसे. मिरजेच्या पूर्वेला, जिथे कुसळांखेरीज काही उगवत नव्हते, त्या माळावर ती विसाव्या वर्षी विधवा होऊन राहिली. मूल कडेवर होते. दिरांनी माहेरची वाट दाखवली. तिने ओढ्याकाठी विहिरीची जागा दाखवली आणि खणायला स्वतः उतरली. विहिरीला पाणी लागल्यावर तिने तिथे पानमळा केला. बाईच्या हातचा पानमळा त्या मुलखात तोवर कुणी पाहिला नव्हता. मळ्यात बाईचा पाय पडला की वेल जळते, अशी तेव्हाची पक्की समजूत. बायकांनी बाहेर बसून पाने निवडावीत, माती वाहावी. आत जायचे नाही.

आज्जी आत गेली. पायताण मात्र बाहेर काढून गेली, कारण तो नियम तिला मान्य होता. शेवरीच्या झाडांवर वेल चढवणे, लव्हाळ्याने ती बांधणे, वर्षाकाठी खाली उतरवून पुन्हा मातीत दाबणे, हे सारे ती स्वतःच्या हातांनी शिकली. वेल जळली नाही. कुणी त्याबद्दल छेडले तर ती म्हणे, "वेलीला बाईचा विटाळ न्हाई. तिला आळसाचा विटाळ."

पहिल्या वर्षीच्या पानांचे पैसे आले तेव्हा सगळ्यांनी तिला बैल घ्यायला सांगितले. तिने म्हैस घेतली. मोटेला बैल भाड्याने आणायचे आणि दारात म्हैस बांधायची, या हिशेबाला लोक पुष्कळ हसले. आम्ही नातवंडे तिला विचारत असू, की आज्जी, आधी म्हैस का? ती गालात हसून म्हणे, "माझ्याकडं म्हैस असायलाच पायजे हुती." यापलीकडे तिने कधी काही सांगितले नाही.

ज्या वर्षी हेळवी परत फिरला त्या वर्षी मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. ओढ्यापलीकडचा तुकडा आज्जीने मला दिला होता. मुलीच्या हातात मळा कशाला, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, असे वडील म्हणाले होते. आज्जीने दुसऱ्या दिवशीच माझ्या हातात खुरपे दिले. मी त्या तुकड्यात शेवरी लावली, पाट काढले, वाफे बांधले. शेवरी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आता फक्त वेल लावायची राहिली होती. आज्जीच्या मळ्यातली वेल उतरवण्याचे दिवस जवळ आले होते आणि त्या वर्षीचे सारे बेणे, म्हणजे लावायच्या कांड्या, माझ्या तुकड्यासाठी राखून ठेवलेले होते. सकाळी उठून मी आधी ती मोकळी शेवरी बघून येई.

पाने न्यायला दस्तगीर तांबोळी येत असे. आज्जीला तो मावशी म्हणे. पानांचे डाग, म्हणजे मोठे गठ्ठे, बांधता बांधता दहा गावांच्या बातम्या सांगायच्या, ही त्याची रीत होती. त्या दिवशी त्याने नदीकाठच्या मळ्यांची बातमी आणली. मागच्या पावसाळ्यात पाणी साचून राहिले, वेलीला मर लागली आणि खालच्या अंगाचे सारे मळे बसले. आमचा मळा माळाच्या उंचीवर, म्हणून वाचला.

"सगळ्यात वाईट आदगोंडा पाटलाचं झालं, मावशी. एक वेल राहिली न्हाई. पोरगा म्हणतो, लांबनं दुसऱ्या जातीचं बेणं आणू, न्हाईतर ऊस लावू. म्हातारा भिंतीकडं तोंड करून झोपलाय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. ती वेल त्याच्या आज्यापासनं चालत आलेली."

आज्जीचा हात थांबला. तिने पाटलाच्या बायकोची चौकशी केली. "आक्काताई कशा हायत?"

"त्या काय, जेवणाचं ताट घेऊन जातात आणि तसंच घेऊन येतात. मी म्हणलं, आवडामावशीकडं मागा की बेणं. तर म्हणाल्या, मी कुठल्या तोंडानं मागू?"

दस्तगीर गेल्यावर आज्जी बराच वेळ मळ्यात एकटीच फिरली. मी पाट वळवत होते. ती माझ्यापाशी येऊन वाफ्याच्या कडेला बसली. एरवी ती हुकूम करीत असे. त्या दिवशी तिने मला नावाने हाक मारली आणि म्हणाली, "हौसा, बेणं तुझं हाय. मी ते तुला दिलं. आता मी ते तुझ्याकडं मागतेय."

"कशाला?"

"पाटलाच्या घरी न्यायचंय."

माझ्या हातातले खोरे तसेच राहिले. आदगोंडा पाटील म्हणजे ज्याने आयुष्यभर माझ्या आज्जीला दाराबाहेर उभे केले तो माणूस. त्याच्या मळ्यावर ती तरुणपणी पाने निवडायला जात असे आणि विधवेच्या हातात माझी वेल जाणार नाही असे त्याने तिला चारचौघांत ऐकवले होते, एवढे आम्हां सर्वांना ठाऊक होते. मी ते तिला बोलून दाखवले. माझी शेवरी वर्षभर मोकळी राहील, तोवर माझे लग्न ठरेल आणि मग मळा कुणाचा, हेही बोलले.

आज्जीने सगळे ऐकून घेतले.

"खरं हाय. लग्न ठरलं तर मी थांबवीन. पण वेल थांबायची न्हाई. आत्ता लावली न्हाई तर पाटलाच्या रानात ऊस उभा राहील."

"राहू दे की. त्यानं तुला काय दिलं?"

"त्यानं कुठं दिलं?" ती उठली. "देणं त्याचं न्हाईच. तू न्हाई म्हणालीस तर मी बळजबरी करणार न्हाई. दिलेलं मी काढून घेत न्हाई."

हा तिचा डाव असता तर मी नाही म्हणाले असते. पण मी तिला ओळखत होते, आणि हेळव्यापुढे काढलेले उसने ते हेच, एवढे माझ्या ध्यानात आले होते. मी नाही म्हटले असते तर तिने तो विषय पुन्हा काढला नसता आणि तिचे नाव हेळव्याने कधीच घेतले नसते. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वेल उतरवायला गडी आले तेव्हा मी तिला सांगितले, की बेणे ने, पण पाटी माझ्या डोक्यावर असेल. माझा मळा कुणाच्या दारात जातो ते मला बघायचे आहे.

"चल की," ती म्हणाली. "मला तरी या वयात पाटी कुठं उचलतीया."

बेणे तिने स्वतः निवडले. शेंड्याकडच्या, भरल्या डोळ्यांच्या, म्हणजे टपोऱ्या कोंबांच्या, कांड्या तेवढ्या घेतल्या; कुठे जरा डाग दिसला की बाजूला टाकली. ओल्या गोणपाटात त्या गुंडाळल्या. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. उतरवताना निघालेला वाळका पाला, पिवळी पाने, तुटक्या मुळ्या, असा सारा गाळ तिने गोळा केला आणि पाटीत वर पसरला. एवढे देखणे बेणे, आणि वर हा उकिरडा. मी काही विचारले नाही. माझा राग उतरला नव्हता.

पाटलाचे घर आमच्यापासून दीड कोसावर, नदीच्या बाजूला. आज्जी पुढे, मी मागे. गोणपाटाचे पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होते. वाटेत पाटलाचा मळा लागला. उंच शेवरी रांगेने उभी आणि तिच्यावर एकही पान नाही. खाली काळ्या पडलेल्या वेली कुजून मातीला चिकटलेल्या. आज्जी तिथे पायताण काढून क्षणभर उभी राहिली. मळा मेला होता, तरी तिने पायताण काढले.

पाटलाच्या अंगणात बाजेवर म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजला होता. दोन गडी दोर वळत बसले होते. सुनेने आत जाऊन वर्दी दिली. आक्काताई दारात येण्याआधीच आज्जीने मला पाटी उतरवायला लावली आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आक्काताई, बांधावरचा कचरा आणलाय. म्हशीखाली टाकायला हुईल."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण हसला. मर लागलेल्या घरी कचरा घेऊन येणे म्हणजे दुःखावर डागणीच. हिने म्हाताऱ्याला हिणवायला मला दीड कोस ओझे वाहायला लावले की काय, असे वाटून मी तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा शांत होता.

आक्काताई उंबऱ्यावर थबकल्या. गोऱ्या, वाकलेल्या, डोक्यावर पदर. त्यांनी पाटीकडे पाहिले, मग आज्जीकडे.

"म्हशीखाली?" आक्काताईंनी विचारले.

"तुमी म्हणाला हुता तसंच."

आक्काताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनी माझा हात धरला आणि पाणी देते म्हणून मला स्वयंपाकघरात नेले. पाणी दिलेच नाही. चुलीपाशी माझ्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या, की पोरी, तुला आज्जीने काही सांगितले आहे का? मी नाही म्हणाले.

"एवढी वर्षं न्हाई सांगितलं?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. आज्जी त्यांच्याकडे पाने निवडायला येत असे तेव्हा तिने बेणे मागितले होते आणि पाटलांनी तिला झिडकारले होते. वेल उतरवायच्या दिवशी छाटलेल्या पाल्याचे एक गाठोडे बांधावर पडले होते. आक्काताईंनी नवऱ्यासमोर, गड्यांसमोर हाक मारली: आवडा, हा बांधावरचा कचरा उचल आणि म्हशीखाली टाक. सगळे हसले. आज्जी रागाने लाल झाली. पण मजुरीची बाई, काय बोलणार? गाठोडे उचलून निघून गेली.

"तिच्याकडं म्हैस नव्हती, पोरी," आक्काताई म्हणाल्या. "कोंबडी नव्हती तिच्या दारात. आणि ते मला ठाऊक हुतं. मला ठाऊक हाय हे तिलाबी ठाऊक हुतं. मला तेवढीच आशा, की वाटेत कुठंतरी तिच्या ध्यानात यील, की म्हैस नसलेल्या बाईला ही असं का म्हणाली. रागाच्या भरात ओढ्यात टाकलं असतं तर संपलं हुतं. मीच चांगल्या कांड्या खाली घातल्या हुत्या, पाला वर."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी कामाला आली. मी विचारलं, कचरा टाकलास? म्हणाली, टाकला. म्हैस खुश हाय." आक्काताईंनी डोळे पुसले आणि त्यांना हसूही आले. "तेवढंच. पुन्हा आम्ही दोघी त्यावर कधी बोललो न्हाई. बोललो असतो तर यांनी मला या घरात ठिवलं नसतं."

आधी म्हैस का घेतली, ते मला त्या चुलीपाशी कळले. कुणी कधी विचारलेच, की कचरा कुणाच्या म्हशीखाली टाकलास, तर दाखवायला दारात म्हैस हवी होती. आक्काताईंच्या शब्दाला खोटेपणा येऊ नये म्हणून ती माझ्या आज्जीने घेतली होती. आणि उसने इतकी वर्षे का राहिले तेही कळले. ज्या घरात वेलीच वेली होत्या त्या घरी कांडी परत कशी न्यायची? नेली तर कशाची म्हणून न्यायची?

बाहेर काही हलल्याचा आवाज झाला. आम्ही दोघी दाराशी आलो.

म्हातारा बाजेवरून उठला होता. पाटीपाशी उकिडवा बसून त्याने वरचा पाला दूर सारला होता आणि गोणपाटाची घडी उघडली होती. हातात एक कांडी होती. तिचे पेर त्याने अंगठ्याने चाचपून पाहिले, डोळा पाहिला. मग एक कोवळे पान खुडले, मांडीवर पुसले आणि तोंडात घातले. तो डोळे मिटून सावकाश चावत राहिला. त्या तोंडात दात फारसे नव्हते, त्यामुळे वेळ लागला.

डोळे उघडून त्याने आज्जीकडे पाहिले.

"आवडा, हा कचरा कवाचा?"

"माझा शंकर रांगत हुता तवाचा."

"कुठनं उचललास?"

"बांधावरनं. मळ्यातनं न्हाई," आज्जी म्हणाली. "मळ्यात मला कुठं सोडत हुता?"

आक्काताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती. म्हाताऱ्याने मान वळवून तिकडे पाहिले. बायकोकडे तो असा कधी पाहत असेल असे मला वाटत नाही. पुष्कळ वर्षे माहीत असलेली एखादी गोष्ट पुन्हा एकदा तपासून बघावी, तसे पाहत होता.

"पर त्या वक्ताला तुझ्याकडं म्हैस कुठं हुती?" तो म्हणाला.

उत्तर त्याला नको असावे. त्याने हातातली कांडी जशी होती तशी गोणपाटात ठेवली, घडी पुन्हा नीट घातली आणि वर तो वाळका पाला स्वतःच्या हाताने सारखा केला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. मघाशी हसलेल्या गड्याला त्याने हाक मारली.

"पाटी मळ्यावर ने. आणि कचरा जपून उतरव. डोळं मोडतील."

तो स्वतः पायताण न घालताच गड्याच्या मागे चालू लागला. दारापर्यंत गेल्यावर थांबला आणि आत न बघता म्हणाला, की आल्यावर जेवीन, ताट वाढून ठेवा.

गड्याने रिकामी पाटी परत आणली तेव्हा ऊन कलले होते. भांडे रिकामे परत द्यायचे नाही म्हणून आक्काताईंनी त्या पाटीत काही तरी घालायला हात पुढे केला. आज्जीने तो हात धरला.

"नको, आक्काताई. आज रिकामीच द्या."

आक्काताईंना कळले. त्यांनी पाटी उलटी करून दोनदा थोपटली, तिच्यातली माती अंगणात झाडली आणि ती माझ्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर आज्जी माझ्यापुढे झपझप चालत होती, मला तिला गाठणे कठीण जात होते. ओढा ओलांडताना माझी मोकळी शेवरी दिसली. तिच्यापाशी ती थांबली, एका झाडाला हात लावून ते किती जाड झाले आहे ते पाहिले आणि म्हणाली, की वर्षभरात आणखी पोसेल, पुढच्या साली वेल चांगली धरेल. मी बरे म्हणाले. मला खरोखरच बरे वाटत होते.

वस्तीवर पोचल्यावर तिने पाय धुतले, ओसरीवर बसली आणि माझ्या वडिलांना हाक मारली.

"शंकर, तो हेळवी कुठल्या गावाला गेलाय बघ. त्याला म्हणावं, परत ये."